हातचं राखून

गालेराच्या बोगद्यापाशी
हवा इतकी विरळ, की इंजिनावरचा कॉम्प्रेसरही
दमेकऱ्यासारखा धापा टाकतो.
लीमात, समुद्राशेजारच्या टेबलावर
मी लिहिलं होतं : नळी भरायला अकरा मिनिटं.
इथे एकोणीस झाली, काटा चढेना.
गालात कोकाची पानं दाबून सातुर्निनो यारास्का म्हणाला,
"घाई कुणाला आहे, सेन्योरिता?
उतार कुठे पळून जातोय?"

बत्तीस वाघिणी, पोटात जस्ताची माती.
उतारावर लागल्या
की नावाला जागतात.

त्यांच्या ब्रेकच्या तरफा मी आखल्यात.
दट्ट्याच्या एका रेट्याचे आठ करून
चाकापाशी पोचवते ती मांडणी,
तिची खीळ न् खीळ मला पाठ.
वाघिणीखाली मात्र मी पहिल्यांदाच वाकले.
वंगण, वितळता बर्फ, लोखंडाचा करपट वास.
सातुर्निनोनं दट्ट्याच्या दांड्याला वीत लावली.
"वितीच्या आत, तर ठीक.
वितीबाहेर गेला की समजायचं, गट्टू झिजले."
खिशात माझं कॅलिपर होतं.
मी ते खिशातच ठेवलं.

(रात्री त्याची वीत मोजून घेतली, हसत हसत :
एकशे अठ्ठ्याण्णव मिलिमीटर.
माझ्या नकाशात दोनशे.)

लोकांना वाटतं, हवा गाडी थांबवते.
नळीत हवा आहे, म्हणून तर गाडी मोकळी.
ती सोडली, की प्रत्येक वाघीण
आपापल्या टाकीतला साठा उघडते
आणि गट्टू चाकांना भिडतात.
नळी तुटली, तरी भिडतात.
बिघाडालाच पहारेकरी नेमलंय आपण,
असं सांगताना आमच्या सरांचा आवाज कापायचा.

निघण्याआधी तो गाडीच्या कडेने चालत गेला,
प्रत्येक वाघिणीवरची एक छोटी मूठ फिरवत.
"ही झडप हातचं राखते.
ब्रेक सोडला तरी थोडी हवा मुठीत धरते,
टाक्या पुन्हा भरेपर्यंत.
माझी आई आठवड्याच्या पगारातून असंच..."
पुढची वाघीण आली. वाक्य तिथेच राहिलं.

चिक्लाला थांबलो.
तो चाकावर थुंकला. चर्र झालं. मान हलवली.
मग हातब्रेकची चाकं आवळू लागला, एकेक करून.
"हवेचा ब्रेक लागलाय की," मी म्हटलं.

"हवा पाहुणी आहे.
रात्रभर राहीलच असं नाही."

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.
सात वाघिणी बाजूच्या रुळावर उभ्या करून जेवायला गेला.
थंडी होती, दोन पेले जास्त झाले,
हातब्रेक सकाळी बघू.
चामड्याची वॉशरं गारठून आखडली,
सिलिंडर रात्रभर कणाकणानं रिते होत गेले.
पहाटे वाघिणी निघाल्या.
"आवाजसुद्धा नाही, सेन्योरिता.
वाफ नाही, शिट्टी नाही. नुसत्या निघाल्या."
खाली वळणावर रूळ सांभाळणाऱ्यांची खोपटं होती.
"आत कुणी होतं?"
त्यानं चाक आणखी अर्धा फेरा आवळलं.

पुढच्या वाघिणीपाशी तो अडला.
हातचाक आणि पत्रा यांत चाळीस मिलिमीटर अंतर,
माझंच.
बोटं मावतात.
लोकरीच्या हातमोज्यातली बोटं मावत नाहीत.
त्यानं मोजा दातांनी ओढून काढला,
उघड्या हातानं थंड लोखंड धरलं,
माझ्याकडे पाहिलंही नाही.
अजून एकोणतीस बाकी होत्या.

लीमात परतल्यावर नकाशा पुन्हा आखला.
चाळीसचे पंच्याहत्तर केले.
'बदलाचं कारण' हा रकाना पेन्सिलीच्या टोकाएवढा.
त्यात लिहिलं : लोकर.
तपासनिसानं लाल गोल करून परत पाठवला,
शेजारी प्रश्न :
हे कुठल्या नियमावलीत?