गोडी छाटणी

ओझरच्या अलीकडे, मंडळीच्या अर्ध्या एकरात
ऑक्टोबरची छाटणी चालू आहे.
पेठकडून टोळी आलीय. त्यातला धवळू गावित
कात्री अशी चालवतो
की काडीला कळायच्या आत काडी खाली.

मी बांधावर किटली घेऊन उभी.
पाळकीणबाई म्हणतात मला इथं. वय त्रेचाळीस.
त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत
छाटल्या वेलीचं पाणी ओघळून वाळलंय.
मी कप मोजते. पाच.
पुन्हा मोजते.

रविवारी यांनी नजरेवर उपदेश केला.
नजर म्हणजे अर्धं कृत्य, म्हणाले,
आणि पुरुषांच्या बाकांकडे बघत राहिले.
आमच्या बाजूला नुसता पंखा कुरकुरत होता.
शिरसाठमावशींनी लेकीची ओढणी सारखी केली,
जणू पाप येतं ते पलीकडून
आणि आमच्याकडे फक्त झाकायचं काम.
माझ्या डोळ्यांविषयी कुणी काही बोललं नाही.

शरणपुरात, मी नऊ वर्षांची असताना
वडिलांना विषमज्वर झाला होता.
आई दारात येईल त्याला सांगायची,
'अन्नावर वासनाच नाही हो त्यांची.'
आणि बुधवारच्या प्रार्थनेत योनाकाका आढाव
गुडघ्यांवर, डोळे गच्च मिटून, मोठ्यानं:
प्रभू, याची वासना परत दे.
सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही.
एकविसाव्या दिवशी वडिलांनी मऊ खिचडी मागितली,
वर लोणच्याचा खार.
आई स्टोव्हला पिन मारता मारता रडली.

मग मी वयात आले, आणि तोच शब्द
रात्री सापाला लांबडं म्हणावं
तसा आडून आडून सांगितला गेला.

काल दुपारी धवळू काहीतरी बोलला.
मान वर करून, थेट माझ्याकडे बघून बोलला.
मी म्हटलं, 'आणखी साखर हवीय?'
तो गप्प झाला. कप ठेवून ओळीत परत गेला.
संध्याकाळी टोळीतल्या बाईकडून कळलं:
त्याची लेक पालात तापानं फणफणलीय,
दवाखाना किती घेईल, एवढंच विचारत होता.

मी मनगट बघत होते.
मनगट तेवढं मी तोडून घेतलं होतं त्याच्यापासून,
आणि ज्याचं होतं तो माणूस
माझ्यासमोर उभा राहून ऐकू येईनासा झाला होता.

अंग गरम झालं, त्याची मला लाज नाही.
ज्यानं अंग केलं त्याला ते ठाऊक आहे.
लाज या साखरेची.

रिक्षानं पोरीला दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला.
पोर माझ्या मांडीवर, तो समोर अंग चोरून बसलेला.
काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
एवढं सगळं कापून टाकता, भीती नाही वाटत?
'डोळे मोजून कापायचं, बाई,' तो म्हणाला.
'फुगलेला डोळा ठेवायचा, त्याच्या पुढं कात्री.
सगळेच डोळे काढले तर घड कुठून धरंल?'

डोळा उपटून टाकण्याविषयी
मी लहानपणापासून ऐकत आले.
मोजण्याविषयी हे पहिल्यांदाच.

रात्री यांना सांगितलं. सगळं, मनगटासकट.
हे जमाखर्चाची वही लिहीत होते.
पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
'किती ओळी राहिल्यात?'
'चार.'
'पोरगी बरी आहे का?'
'उतरलाय ताप.'
पुढं काही नाही. बाहेर हायवेवर टँकर गेला.

दिवा मालवल्यावर यांचा हात आला,
आधी कपाळावर, ताप बघावा तसा.
बराच वेळ तिथंच थांबला,
पुढं यायला विचारत असल्यासारखा.

दमलेय, असं मी म्हणाले नाही.