सांग्याच्या शाळेतल्या तसबिरी

प्रयोगशाळेला तसबिरी हव्या होत्या, पैसे नव्हते.
केंकरे सरांनी बसच्या पाट्या रंगवणाऱ्या
कायतानला बोलावलं
आणि एका दुपारीत सगळे शास्त्रज्ञ तोंडी सांगितले.

कायतान म्हणाला, माणूस समोर बसल्याशिवाय
माझा ब्रश चालत नाही.

म्हणून आमचा मेंडेलीव्ह
मिंगेल पोदेर होता, दाढीतल्या पिठासकट.
लाव्हाझिएला तिठ्यावरच्या न्हाव्याचं नाक.
याची मान कापली, हे ऐकल्यावर
कायताननं चित्र हनुवटीशीच थांबवलं,
खाली नुसता निळा रंग दिला, नदीसारखा.
नागार्जुनासाठी कोणी बसेना:
पाऱ्याचं सोनं करणारा म्हटलं की
उद्या गाव उसने मागायला दारात.
ती चौकट कोरीच टांगली. तीन पावसाळ्यांत
तिच्यावर बुरशी धरली, आणि आम्ही पोरं
देवाशपथ सांगायचो, डोळे उमटलेत.

मारी क्युरीसाठी त्याची बहीण बसली, पिदाद.
बसली कसली! मोसम होता, भट्टी सोडून येईना.
मग यानंच फळी डोक्यावर घेऊन बाग गाठली.
म्हणून त्या बाईच्या मागे पॅरिस नाही,
तांब्याचं भाण आहे, धूर आहे,
कोळंबीत तुडवलेल्या बोंडांचा पिवळा चिखल आहे.

वर्गात ऐकलेलं मी तिला नेऊन सांगायचो,
वाटीभर नीऱ्याच्या लोभानं.
की ती बाई गळक्या शेडात
स्वतःएवढ्या उंच लोखंडी दांड्यानं
उकळतं खनिज ढवळायची, दिवस दिवस.

"कितलें गाळलें?"
टनांनी.
"आनी हाताक कितें लागलें?"
ग्रॅमचा दहावा भाग.
हसली. बाटली हलवून फेसाचे मणी पाहिले,
नाक मुरडलं, परत भाणात ओतली.
"विकलें कितल्याक?"
विकलं नाही. कृती सगळ्यांना सांगून टाकली.

यावर ती काही बोलली नाही.
लाकूड आत सारलं.
काळोख पडताना मात्र
त्या दिवसाच्या धारेतली बोटभर
चुलीशेजारी जमिनीवर ओतली.
कोणाच्या नावानं, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

शाळेला आता नवं छप्पर आहे,
काचेतल्या छापील तसबिरी आहेत.
क्युरीबाईंचा खरा फोटो मी खूप वेळ पाहिला.
तो खांद्यापाशी संपतो.

कायताननं हातांनाच दोन दिवस घेतले होते;
बोटांची टोकं
काजूच्या तेलानं करपलेली.