मुरवण

आटपाडीतून पाच पोती चुनकळी आणली.
पावतीवर शिक्का : माल परत घेतला जाणार नाही.

लोणाऱ्यांच्या गिरजाक्कानं एकेक खडा
तळहातावर झेलला, दुसऱ्यावर वाजवला.
"ह्यो पिकलाय. ह्याच्या पोटात दगड हाय, काढ भायेर."
तीन पोती उरली.

कमरेएवढा खड्डा, तळाला फरशी.
आधी पाणी. मग चुना.
"उलटं केलंस तर डोळ्यात यील,"
ती म्हणाली, आणि डाव्या डोळ्यावरून
पदर सारखा केला.

पहिला खडा बुडाला. काही नाही.
दुसरा. काही नाही.
वाटलं, दुकानदारानं मलाच लावला.
मग पाण्याच्या पोटात कुणीतरी खाकरलं,
एक बुडबुडा, मग दहा, मग सगळा खड्डाच
कण्यांच्या आधणासारखा रटरटू लागला.
वाफ लिंबाच्या शेंड्यापर्यंत.
शेजारचं कुत्रं शेपूट घालून गंजीमागं.
खाली तर जाळ नव्हताच.
"आत हाय की. भट्टीतला. निजला हुता."

ढवळलं. गाळलं. वर चार बोटं पाणी ठेवलं.
"किती दिवस, अक्का?"
"घाई आसंल तर तीन म्हयने.
माझ्या सासऱ्यानं थोरलीच्या बारशाला भरल्याला खड्डा
तिच्या लग्नात उघडला. लोणी नुसतं.
थापीवरनं सुटंना."

दुपारी तिला गाडीवरून रेशनला नेलं.
मशीननं अंगठा मागितला. तिनं दिला.
लाल दिवा.
लुगड्याला पुसून दिला. लाल.
डावा. मधलं बोट. करंगळीसुद्धा.
पन्नास वर्षांच्या चुन्यानं रेघ न् रेघ खाल्लेली,
बोटं माणगंगेतल्या गोट्यांसारखी.
"पुढच्या आठवड्यात या, मावशी."
"पुढल्या आठवड्यात काय नवी बोटं फुटत्यात व्हय?"
रांगेतली माणसं हसली.
तीही हसली, पिशवीची घडी घालत.

संध्याकाळी खड्डा गार होत आलेला,
पाण्यावर पातळ साय.
अक्कानं वाकून बोट बुडवलं,
चिमूटभर पांढरं वर काढलं,
अंगठ्याशी चोळलं. बराच वेळ.
कणी लागतेय का बघत होती.
ज्या बोटांना मशीन विचारत नव्हतं
त्यांना ती विचारत होती.

"एक खडा ऱ्हायलाय कुठंतरी," म्हणाली.
मला काहीच लागलं नाही.

जाताना फाटकापासून परत फिरली.
"पाणी बघत जा रं रोज.
उघडा पडला, वारं लागलं,
की परत दगूडच हुतोय त्यो."