लावेरची तार

बिस्किटांचा डबा सुरीने उचकटावा लागला.
आत मणी, एकशे बारा,
आणि गंज.
पलंगाखालच्या ओलसर जमिनीवर
वीस-पंचवीस वर्षं कुणी त्याची खबर घेतली नव्हती.
आता माम्लेचा दिपो तीन आठवड्यांवर आलाय,
कमरेला, गळ्यात, पोटऱ्यांवर मणी बांधून
लावेरची लेक सगळ्या ओदुमासेसमोर चालणार,
आणि आमच्या घरचे मणी
तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखे.

लावेरनेच ओवले होते ते. माझ्या भावाने.
दोरा कुजतो, म्हणाला, दोरा उंदीर खातात,
लोखंड कसं, जन्माला पुरतं.
सोळा वर्षांचा होता. त्या वयात
सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं.

पक्कडीने तार ओढते. येत नाही.
मणी फुटेल म्हणून हात आखडता,
सुटत नाही म्हणून जरा जोर.
करकरत एकेक निघतो,
मांडीवर विटकरी पूड सांडते.
या भोकात कधीकाळी कसावाचा
कोवळा देठ उभा होता,
भट्टीत तो जळून गेला, जागा तेवढी ठेवून गेला,
सांगितलं तर खरं वाटू नये.

सगळ्यात शेवटी तारेच्या टोकाला
शिशाचा गोळा लागतो, वाटाण्याएवढा.
मी तो बोटांत फिरवत बसते.
हा गोळा मी ओळखते.
सायकलच्या ब्रेकच्या मुठीत असतो हा.

म्हणजे ते हे.
बाबा दोन वर्षं आगोमान्याचा उतार
पाय घासत उतरायचे,
उजवी चप्पल टाचेपाशी पापडासारखी.
ब्रेक याच्याच पोराने नेला म्हणून
शेजारच्या आग्बेकोशी बोलणं टाकलं त्यांनी,
तो पोरगा लग्नाचं बोलावणं घेऊन आला
तेव्हा त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही.
आणि लावेर ताटावर मान हलवायचा,
चोर फार माजलेत, बाबा.

लिंबं पिळली. सात. वर थोडं मीठ.
रात्रभर मणी आंबटात,
सकाळी पाणी चहासारखं.
मग दगडावर ओली वाळू,
तळव्याखाली मणी मागेपुढे, मागेपुढे,
भोकात नारळाची शेंडी पीळ देऊन.
निळे निघाले. हिरवे निघाले.
पांढऱ्यांनी छळलं, पण तेही निघाले,
एक तेवढा भोकाच्या कडेला पिवळट राहिला.

एका मण्यापायी मात्र अख्खी दुपार गेली.
तांबूस पट्टा, निघता निघेना.
लिंबू झालं, वाळू झाली, शिव्या झाल्या.
हात टेकले आणि ओदोनकोर म्हाताऱ्याकडे नेला,
हे सगळे मणी त्याच्याच भट्टीतले.
त्याने तो उन्हात धरला, थुंकी लावून पुसला,
आणि खोकला येईपर्यंत हसला.
अगं, ही बिअरची बाटली!
तुझ्या बापानेच आणून दिली होती, रिकामी करून.
कुटली, चाळली, भाजली.
डाग कसला, तो रंग आहे.
आणखी दोन दिवस घासलास तर
मणीच निघून जाईल.

रात्री तेमाला फोन लावला.
मागे बंदराचा कालवा, लावेर ओरडूनच बोलतो.
मी म्हटलं, तार सापडली.
कसली तार?
ब्रेकची.
मग बराच वेळ नुसता क्रेनचा आवाज.
मग म्हणाला,
आग्बेकोचा पोरगा हल्ली कुठे असतो गं?

आज माम्लेने मणी दोऱ्यात ओवले, दुहेरी.
पिवळट कडेचा तो पांढरा
तिच्या डोळ्यांनी पहिल्या झटक्यात टिपला.
हा पाठीकडे घेऊ का, तिने विचारलं.
घे, म्हटलं.
गाठ तिथेच येते.