साडेचार गुंठे

इंजिन गेलं, आणि एक क्षण काहीच नव्हतं.
मग हॉर्न वाजला, किरकिरा,
शाळेपुढच्या कुल्फीवाल्याच्या भोंग्यासारखा.
कॅप्टन मस्कारेन्हस म्हणाला,
"पाय वर घे."
एवढंच. देवाचं नाव नाही, आईचं नाही.
मी घेतले,
जसे अम्मा फरशी पुसायची तेव्हा घ्यायचो.

खाली मार्डीचं शिवार. जानेवारी.
ज्वारी हुरड्यात आलेली.
कॅमेऱ्यात अजून टॉवर क्रमांक एकशे बारा,
त्याचा एक इन्सुलेटर तडकलेला.
ती नोंद माझी. नंतर त्यांनी तो बदलला म्हणे.

पुढचं लोकांनी सांगितलं:
शेपूट आधी टेकलं, मग आम्ही उलटे,
पाती ताटं कापत गेली, कापता कापता तुटली.
एक पातं सापडलं बांधापलीकडे, बोरीत अडकलेलं.

माझं स्वतःचं म्हणावं असं थोडंच.
उलटं लटकलं की रक्त डोळ्यांत उतरतं,
आणि पेट्रोलच्या वासातूनही
कापल्या ताटाचा गोड वास येतो.
शेवंता लवटे आली विळा घेऊन.
"हालू नगं," म्हणाली, "न्हाईतर तुलाच कापीन."
माझा पट्टा एका ओढीत.
कॅप्टनच्या पट्ट्याला दोन लागल्या.

सिव्हिलमध्ये बावीस दिवस.
चौकशीचे साहेब आले, माणूस चांगला,
चहा स्वतः खालून घेऊन आला.
किती उंचीवर होता? किती सेकंद?
मी म्हणालो, चार बाभळी, एकीवर एक.
त्यांनी लिहिलं: नक्की आठवत नाही.
पंचनाम्यात मात्र आकडा पक्का:
उभी ज्वारी, साडेचार गुंठे, नष्ट.
भेटायला आलेल्या शेवंताबाई हसल्या.
"दीड गुंठा तुमचा.
बाकीचा बघाय आल्याल्यांनी तुडवला."

आता मे. अशोक चौकात
रात्री अकरालाही भिंतीला हात लावत नाही.
पंखा मी लावू देत नाही.
फिरताना पाती दिसत नाहीत, तोवर ठीक;
बटण बंद केल्यावर
ती एकेक वेगळी दिसायला लागतात,
ते बघवत नाही.
भाग्यलक्ष्मी ओली चादर जमिनीवर अंथरते
आणि लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने वारा घेते,
आधी मला, मग स्वतःला,
काही न बोलता. बोलली असती तर बरं.

शेजारी गड्डमांचे माग रात्रपाळीला चालतात.
वाटलं होतं तो आवाज सोसणार नाही.
उलट, त्याच्यावरच झोप लागते.
लाईट जाते तेव्हा सगळे माग एकदम थांबतात,
आणि मी जागा होतो, हॉर्नची वाट बघत,
गुडघे पोटाशी.

रविवारी मडगावहून फोन येतो.
त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही,
ते आम्ही बोलत नाही.
मासळीचा भाव, इथलं ऊन, मुलीचा निकाल.
शेवटी तोच विचारतो, "पंखा?"
"अजून नाही. तुझा?"
बराच वेळ नुसता समुद्र ऐकू येतो, किंवा रहदारी.
"एक नंबरवर," म्हणतो.
"पण डोळे मिटून."