नऊपर्यंत

एरंडवण्यात, चष्म्याच्या दुकानावरती
सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेसहाचा वर्ग.
पहिल्या दिवशी आकडे. इची, नी, सान.
कुणी चाकणच्या कंपनीतला, कुणाला शिकायला तिकडे जायचंय,
एक मुलगी नुसती कार्टूनं मुळातून कळावीत म्हणून आलेली.
ती विचारते, चारला शी म्हणायचं की योन?
दोन्ही चालतं, मी सांगते. पण शी म्हणजे मरणही,
म्हणून तिकडे जरा जपून वापरतात.
सगळे हसतात. मीही.

मी हे आकडे वर्गात नाही शिकले.

बोपोडीत आईच्या मामांचं सायकलचं दुकान होतं.
गेनू सखाराम भिंताडे.
घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून धरायचे
आणि बुडबुडे मोजायचे, ओठांतल्या ओठांत,
इची, नी, सान, शी, गो,
क्यूपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.
दहाला काय म्हणतात, मामा?
"ठाऊक नाय. गरज नाय पडली."

खोटं बोलले.
सिंगापूर पडलं तेव्हा ते एकवीस वर्षांचे.
बाजू बदलायला नाही म्हणाले, का ते कधी सांगितलं नाही,
मग बोटीच्या तळाशी कोंबून न्यू गिनी.
तिथे पहाटे रांग. "बांगो!" अशी आरोळी आली
की ज्याने त्याने आपला आकडा ओरडायचा, त्यांच्या भाषेत.
अडखळला तर बंदुकीचा दस्ता.
मामा नेहमी टोकाला उभे.
आधी त्रेसष्ट. मग एक्केचाळीस. मग सव्वीस.
जागा सोडली नाही त्यांनी, रांगच आखडत आली.
जेजुरीकडच्या एका पोराने रताळं उपटलं,
त्याला झाडाला बांधून बाकीच्यांना बघायला उभं केलं.
ज्यांना चालवेना ते मागे राहिले,
म्हणजे काय, ते आई सांगायची नाही, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.
ऑस्ट्रेलियाचे सैनिक पोचले त्या सकाळी
मामा नऊ होते.

मटणाच्या वासाने ते दुकानाबाहेर जाऊन बसत.
माळ घातलीय, असं घरातले म्हणत.
माळ कुणीच पाहिली नव्हती.
पुढे भाषांतराच्या कामात सुटून आलेल्यांच्या जबान्या हाती आल्या,
त्यातलं एक पान अर्धं वाचून मी पालथं ठेवलं
आणि उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

गणपतीत मांडवात सत्कार व्हायचे, शाल, नारळ,
दुसऱ्या फौजेत गेलेल्यांचे.
मामा त्या दिवशी लवकर दुकान उघडायचे.
त्यांच्यावर अत्याचार झाले खरे,
पण चुकीच्या रांगेत उभं असताना.

गेल्या वर्षी सिंहगड रस्त्यावरच्या जपानी बागेत
वर्ग घेऊन गेले होते. पुलावर मुलं मोजली, मोठ्याने,
नऊनंतर आवाज जरा सैल पडतो माझा, सवयच आहे.
शेजारी एक पाहुणे होते, हिगुची-सान, सत्तरीचे.
म्हणाले, अगदी अदबीने,
"असं मोजणारं हल्ली कुणी भेटत नाही. हा छावणीतला सूर.
माझे वडील असेच मोजायचे."
कुठे होते ते?
"दक्षिणेला. एवढंच म्हणायचे."
खाली मासे तोंडं उघडत होते, बंद करत होते.
"आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"
मामांनी, म्हटलं. नऊपर्यंत.

नऊपर्यंतच का, हे त्यांनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं का, कोण जाणे.
त्यांनी मान झुकवली, ती रीत होती की आणखी काही,
एवढी वर्षं ती भाषा शिकवूनही
मला वाचता आलं नाही.

आता फळ्यावर नऊ आकडे झाले की
मी खडू खाली ठेवते. हात झटकते.
जू नव्या ओळीवर लिहिते, थोडं दूर.
कार्टूनवाली मुलगी वहीतही तसंच लिहिते,
मधली जागा सोडून.