चाळीस शब्दांत

फलकाला चाळीस शब्दांची मर्यादा.
दालन चौथे, काच क्रमांक अकरा : वारली कुटुंब.
इंग्रजी मजकूर आधीच मंजूर होता,
मला फक्त मराठी करायचं होतं.

मी लिहिलं : हे लोक डोंगरउतारावर राहत असत,
कारवीच्या कुडाला शेण लिंपत असत,
लग्नात तांदळाच्या पिठाने चौक लिहीत असत.
असत, असत, असत.
लय बरी जमली होती.

उद्घाटनाआधी आरेतून दोघांना बोलावलं
मजकूर तपासायला. म्हणजे फोटोला.
नवसू हाडळ, आणि त्याची आत्या जिवली, धवलेरी,
जिच्या गाण्याशिवाय चौकात देवी बसत नाही.
दारावर त्यांची पिशवी उघडली :
पाण्याची बाटली, भाताची पुरचुंडी.
माझी बॅग कोणी पाहिली नाही.

पुतळीचा चेहरा साच्यातला.
तोच पलीकडे कोळणीला, तोच कातकऱ्याला,
रंगाचा डबा तेवढा वेगळा.
"ही कोनाची?" जिवलीने विचारलं.
कोणाचीच नाही, म्हटलं, नमुना आहे.
"कूळ नाय? मग घरात कोनी घेतली हिला?"

नवसू झोपडीतल्या बल्बकडे बघत होता.
झोपडी त्यानेच बांधलेली,
सहा दिवस, रोजंदारीवर.
"हिला मीटर मिळाला," म्हणाला.
त्याच्या पाड्यावर नोटीस चिकटवलीय :
अतिक्रमण, मुदत तीस दिवस.

मी मजकूर वाचून दाखवला.
"राहत असत," जिवली स्वतःशीच म्हणाली,
जिभेवर खडा फिरवावा तशी.
"आनि मग कुठं गेलो?"

काच फोटोपुरती उघडी होती.
तिने कणगीत हात घातला, तळ चाचपला,
आणि पुरचुंडी आत मोकळी केली.
"रिकामी कणगी पावन्याला दावू नये."

त्या रात्री मी सगळे असत खोडले.
राहतात. लिंपतात. लिहितात.
तिसऱ्या दिवशी विश्वस्तांचा कागद आला, लाल शाईत :
क्रियापदे पूर्ववत करावीत.
आदिवासी नको, वनवासी घ्यावे;
मलबार हिलवरून येणाऱ्या पाहुण्यांना
तो शब्द सोयीचा आहे.
मी सोय पाहिली.
दोन वर्षांचं कंत्राट, त्यातले पाच महिने उरलेले.

खाली आणखी एक ओळ :
काच अकरामध्ये सेंद्रिय पदार्थ आढळला,
कीड लागण्याचा धोका, तातडीने हटवावा.
हातमोजे घालून मीच उपसला तो भात,
पुतळीच्या गुडघ्याशी वाकून.
बराच वेळ लागला.
विणीत अडकलेले दाणे चिमट्याने काढावे लागतात.

आता तो टेबलाच्या खणात आहे, पाकिटात.
त्याचं काय करायचं ते कुठल्याच नियमात नाही.

फलक लागला. मोजला तर एकोणचाळीस शब्द,
अजून एक बसला असता.
फलकाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालत नाहीत,
अशी पद्धत आहे.
बरी आहे.